मामाजींच्या राजाची उडी

आमचा बुद्धिबळाचा संघ वरच्या गटात गेला नाही, त्याला माझे सासरे जबाबदार नाहीत. हे मी ऊर्जानगरच्या कॉलनीत भेटेल त्याला सांगतो. सांगायला बायकोने लावलं आहे.

इंटरनेटवर संथ बुद्धिबळाची एक लीग चालते. चार जणांचा संघ, आठवड्याला प्रत्येकाची एक बाजी, आणि ती एक बाजी तीन-तीन तास चालते. (शेजारचे काका म्हणतात, एवढ्यात धानाची एक बांधी रोवून होते!) आमच्या संघात पॉवर स्टेशनातले माझे दोन सहकारी, मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवणारा माझा साळा आणि मी. मी कॅप्टन. खेळात सगळ्यात कच्चा, म्हणून कॅप्टन. फॉर्म भरायला कोणीतरी लागतंच.

तर शेवटचा सामना. एका सहकाऱ्याने जिंकली, दुसऱ्याने बरोबरीत सोडवली, मी हरलो. झाले दीड-दीड! वर जायला सामना बरोबरीत सुटला तरी पुरे होतं. म्हणजे साळ्याने फक्त हरायचं नव्हतं. आणि रविवारी सकाळी साळ्याचा फोन, की वाघीण पिलं घेऊन रस्त्यावर बसली आहे, पर्यटक तुटून पडले आहेत, मालक सुट्टी देत नाही, तुम्ही दुसरा कोणी पाहा.

दुसरा कोण? मी डोकं धरून बसलो, आणि समोर दिवाणावर माझे सासरे चहा बशीत ओतत होते. मामाजी! गडचिरोलीकडच्या त्यांच्या गावात चाळीस वर्षांत त्यांना कोणी हरवलं नव्हतं. मला तर त्यांनी लग्न ठरायच्या दिवशी तीनदा हरवलं होतं आणि तरीही मुलगी दिली होती. मी आनंदाने उडालोच.

पुढचे दोन तास मी मामाजींना तयार केलं. त्यांचं खातं उघडलं. माउस शिकवला. स्क्रीनवरचं घड्याळ शिकवलं. बाजी सुरू झाली की कोणी काही सुचवायचं नाही, सुचवलं तर अख्खा संघ बाद, हेही बजावलं. खेळाचे नियम तेवढे सांगितले नाहीत. चाळीस वर्षं जिंकणाऱ्या माणसाला नियम काय शिकवायचे?

समोर पोर्तुगालचे एक गृहस्थ होते. त्यांनी पहिली खेळी केली, प्यादं दोन घरं पुढे. मामाजींनी चष्मा काढला.

"जावईबापू, हा माणूस लबाडी करून राह्यला. प्यादं एकदम दोन घरं चाललं."

म्हणजे? मामाजी देशी बुद्धिबळ खेळतात, पारावरचं! तिथे प्यादं एकच घर चालतं. लग्न ठरायच्या दिवशी माझं पटाकडे लक्ष कुठे होतं! मी कसाबसा म्हणालो, "त्यांच्याकडे चालते, मामाजी." मामाजींनी "असते एकेकाचा रिवाज" म्हणून त्याला माफ केलं आणि आपलं प्यादं सभ्यपणे एक घर सरकवलं.

आता देशी खेळात आणखी काय वेगळं असतं, ते मला काही केल्या आठवेना. विचारावं, तर बाजी सुरू झालेली. मी तोंडात रुमाल कोंबून उभा राहिलो. बायको म्हणाली, दात दुखत असेल तर लवंग देते.

दोन तास गेले. मामाजी काय सुंदर खेळत होते! पोर्तुगीजाचा एक घोडा गारद, एक प्यादं गारद. फक्त एक गोष्ट मला कळत नव्हती. त्यांचा राजा कोपऱ्यात आपल्याच सोंगट्यांमध्ये अडकला होता आणि मामाजी तिकडे ढुंकून पाहत नव्हते. शेवटी पोर्तुगीजाने वजीर आणला. पुढच्या खेळीला मात! मामाजी गालात हसले, राजा उचलला आणि अडीच घरं लांब नेऊन ठेवला.

आणि मला आठवलं. देशी खेळात एकदाही शह बसला नसेल, तर राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. ती उडी त्यांनी दोन तास राखून ठेवली होती!

पण मशीनला ही उडी मान्य नव्हती. राजा परत जागेवर. मामाजींनी पुन्हा नेला. पुन्हा परत. "सुनंदा," त्यांनी लेकीला हाक मारली, "हा उंदीर बिघडला वाटते." सुनंदाने टीव्हीच्या रिमोटचे सेल काढून माउसमध्ये घातले. राजा परत! घड्याळात अकरा मिनिटं. मी व्हॉट्सॲपवर संघाला विचारलं, नियम सांगणं ही मदत धरतात का? एक म्हणाला धरतात, एक म्हणाला धरत नाहीत, आणि दोघांचं भांडण लागलं. ते मिटायच्या आत घड्याळ शून्यावर आलं, बाजी गेली. मशीनने नंतर दाखवलं, की एक साधं प्यादं पुढे सारलं असतं तर बाजी बरोबरीत सुटत होती.

मी रुमाल काढून सगळं कबूल केलं. मामाजींनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"मग आधी काऊन नाई सांगतलं, बापू?"

मी निकालाचा फॉर्म भरायला घेतला.

पोर्तुगीजाने मात्र संदेश पाठवून विचारलं, शेवटी तुम्ही थांबलात का? मी उडीची हकीकत लिहिली. तो खूशच झाला! आता दर रविवारी दोघं आपापल्या घरी लाकडी पट मांडून देशी नियमांनी खेळतात, आणि दोन्हीकडच्या खेळ्या, गप्पा इंग्रजीत टाइप करायचं काम माझ्याकडे आहे. परवा त्याने विचारलं, की हे इतकं छान लिहितं कोण, तोही खेळतो का?

मामाजींनी थोडा विचार केला आणि मजकूर सांगितला.

"लिहा. माहा जावई आहे, माणूस लय चांगला. पण त्याले बुद्धिबळ येत नाई."

मी लिहिलं. एकही चूक न करता.