अव्वाच्या कुत्रीची झूल

अव्वा भिवंडीला गेली तेव्हा तिनं माझ्याकडे किल्ली दिली नाही, कारण घराला कुलूपच नव्हतं, नुसती कडी होती. तिनं माझ्याकडे कुत्री दिली. रिक्षात बसताना म्हणाली, "हिला थंडी लागू देऊ नको, बिड्डा. मी येईस्तोवर सांभाळ की." तिची मुलगी पिशव्या चढवत होती. मी मान हलवली. मग अव्वाला दिसत नाही हे आठवून तोंडानं "हो" म्हणालो.

अव्वा माझी घरमालकीण. सोलापूरच्या पूर्व भागात तिच्या दोन खोल्या. एकीत ती, एकीत मी. मुलीशी तिचं बोलणं तेलुगूत, माझ्याशी मराठीत. बिड्डा म्हणजे लेकरू. मला ती बिड्डा म्हणायची आणि कुत्रीलाही बिड्डाच म्हणायची. हाक आली की आम्ही दोघंही माना वर करायचो.

माझं गाव इथून फार लांब, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, धानाच्या बांध्या आणि जंगल असलेल्या भागात. आठवीत शाळा सुटली. एकोणिसाव्या वर्षी गावातल्या एकाच्या ओळखीनं इथं टॉवेलच्या कारखान्यात लागलो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत सायकलनं जातो, बारा तास माग चालवतो, सायकलनं येतो. मी घाबरट माणूस आहे. गॅस बंद केला का, सायकलला साखळी लावली का, हे बघायला अर्ध्या वाटेवरून परत येणारा. पहिल्याच वर्षी मला टायफॉइड झाला. तीन आठवडे अव्वानं मला पेज पाजली. तोवर मी तिला अहोजाहो करत होतो. त्या तापात एकदा ती म्हणाली, "तुमी तुमी करतोस, मला बँकेत आल्यासारखं वाटतंय. तू म्हण." तेव्हापासून तू.

ताप उतरला तरी माझे हात थरथरत होते. कामावर परत घेतील का, याचीच भीती. अव्वानं क्रोशाची सुई माझ्या हातात दिली. "रिकामी बोटं भ्यायला लागतात. त्यास्नी काम दे."

तिचं सगळं तारुण्य विड्या वळण्यात गेलेलं. विड्या सुटल्यावर तिनं विणकाम धरलं. गल्लीत बाळ जन्मलं की टोपडं आणि पायमोजे अव्वाकडून. लोकर ज्याची त्यानं आणायची, विणून ती द्यायची. शेजारच्या पोपटाच्या पिंजऱ्याला तिनं गवसणी विणून दिली होती. एका घरच्या शेळीची दोन करडं थंडीत मरायला टेकली, तर त्यांना पोटपट्टे. आणि दरवर्षी दिवाळी झाली की कुत्रीला नवी झूल. कुत्री म्हातारी, कातडीच्या रोगानं पाठीवरचे केस गेलेले. सोलापुरात कसली आलीय थंडी, असं बाहेरचे लोक म्हणतात. पहाटे सायकलवर हँडल धरून बघा.

साखळी, खांब, मुका खांब, हे क्रोशाचे टाके मला चार दिवसांत आले. सुताची सवय होतीच. एकच गोष्ट येत नव्हती. धागा संपला आणि नवा जोडायचा असला की माझी बोटं गाठ मारायची. मागावर हेच तर काम. सूत तुटलं की माग थांबतो, आणि थांबलेला माग मुकादमाला लांबून दिसतो. म्हणून न बघता, श्वास घ्यायच्या आत गाठ मारायची. बारीक, घट्ट, ओढली तरी सुटणार नाही अशी. अंगाला घालायच्या विणकामात ती चालत नाही. तिथं जुन्या धाग्याचं टोक वीतभर सोडायचं, नव्याचं वीतभर धरायचं, आणि दोन्हींवरून पुढचे खांब घालत ती आत लपवायची.

"गाठ न्हाय मारायची," अव्वा सांगायची. "लेकराच्या टाळूला टोचती. हे काय लूम हाय व्हय?"

विणून झालेलं प्रत्येक टोपडं ती ओठांवरून फिरवायची. विड्यांच्या पानांनी आणि कात्रीनं तिच्या बोटांची टोकं राठ झाली होती, ओठ मऊ राहिले होते. माझ्या कामात गाठ सापडली की हसायची. "हितं लूमवाला येऊन गेला."

मग काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेना, मग समोरचंही नळीतून बघितल्यासारखं. गेल्या दिवाळीनंतर तिनं नेहमीसारखी झूल विणायला घेतली. टाके चुकत गेले, एका बाजूला कमी होत गेले, आणि आठवडाभरात तिच्या हातात एक तिरपा त्रिकोण झाला. तिनं तो चाचपला, सुईसकट गुंडाळला आणि फळीवर ठेवला. दहा-बारा दिवसांनी तिची मुलगी आली आणि ऑपरेशनसाठी तिला भिवंडीला घेऊन गेली.

जुनी झूल उंदरांनी खाल्लेली. म्हणून मी नवी विणायला घेतली. लोकर आणायची सोडून मी कारखान्यातलं सूत आणलं. सूत गुंडाळलेल्या कोनावर शेवटी थोडं उरतं, ते टाकाऊत जातं. मुकादमानं पिशवीभर दिलं. तुकडेच सगळे, कुठला दोन हात, कुठला दहा हात. जेवणाच्या सुट्टीत मी सुई काढली की शेजारच्या मागावरचा माझा जोडीदार सुरू व्हायचा.

"क्या रे, कुत्ते का लगीन हाय क्या? आहेर बना रा तू?"

"थंडी आहे ना."

"मेरेको भी बना एक. मैं भी भौंकता."

सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि हसता हसता सूत संपलं की जोडायचो. मला घाई होती. पहाटे कुत्री कुडकुडायची आणि मला अव्वाचा शब्द ऐकू यायचा. तुकडे इतके होते की प्रत्येक ठिकाणी टोकं लपवत बसलो असतो तर थंडी संपली असती. असं मी आता म्हणतो. खरं म्हणजे मी ठरवून काहीच केलं नाही. बोटांनी केलं.

पाच दिवसांत झूल झाली. पाठीवर निळी-पांढरी, पुढच्या पायांना दोन भोकं, पोटाखालून पट्टा आणि त्याला बटण. कुत्रीला ती बरोब्बर बसली. मी फोटो काढून गावाला पाठवला. आई फोनवर म्हणाली, "माणसाले नाही का रे काही, बापा?" मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी.

अव्वाचा एक दिवसाआड फोन यायचा.

"झूल घातलीस?"

"घातली."

"दुपारी ऊन असतंय. काढून झटकतोस की न्हाय?"

"काढतो."

दुपारी मी मागावर असायचो. सकाळी अंधार असतानाच निघायचो. परत येऊन काढली आणि पहाटे घालायची राहिली तर, या भीतीनं मी झूल काढतच नव्हतो. पण अव्वाला काळजी नको म्हणून "काढतो" म्हणायचो. कुत्री पुढच्या डाव्या पायाच्या बगलेत तोंड घालून चाटत बसायची. मला वाटलं, नवीन आहे, सवय होईल. मग ती दातांनी पट्टा ओढायला लागली. झूल निघून पडेल म्हणून मी बटण पुढे सरकवून पट्टा आणखी घट्ट केला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. अव्वालाही नाही.

झूल घातल्याच्या आठव्या-नवव्या दिवशी कुत्रीनं भाकरी खाल्ली नाही. जवळ बसलो तर वास आला. झूल काढायला गेलो तर ती निघेना. बगलेत सूत मांसाला चिकटलं होतं. मी पोतं टाकून तिला सायकलच्या कॅरिअरवर बांधलं आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कोमट पाणी सोडत सोडत झूल सोडवली. खाली तळहाताएवढी जखम. त्यांनी झूल उलटी करून बगलेची जागा बोटांनी दाबली.

"एवढ्या गाठी कशाला मारल्यात?"

"सूत तुकड्यांचं होतं."

"लूमवर आहात का?"

"हो."

त्यांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं, पावडर दिली. हात धुताना म्हणाले, "वय झालंय हिचं. जखम भरायला अंगात काहीतरी लागतं. बघू."

पुढचे पाच दिवस मी कामावर खाडा केला. दिवसातून तीनदा जखम धुवायची, पावडर टाकायची, फडकं बांधायचं, ड्रॉपरनं दूध पाजायचं. झूल मी साबणानं धुतली आणि माझ्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या खाली घातली. टाकून द्यायला गटारापर्यंत दोनदा गेलो होतो. फोनवर अव्वाला म्हणालो, "मजेत आहे."

अव्वा परत आली ती एका डोळ्यावर हिरवं फडकं घेऊन. ऑपरेशन झालं होतं, पण गेलेली नजर येणार नाही, उरलेली टिकली तर टिकली, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं तिच्या मुलीनं मला बाजूला घेऊन सांगितलं. अव्वा उंबऱ्यावरच बसली आणि हाक मारली, "बिड्डा."

मी पुढे झालो नाही. कुत्री भिंतीला धरून धरून आली आणि तिच्या मांडीवर डोकं टाकलं. अव्वाचे हात डोक्यावरून मानेवर, मानेवरून पाठीवर गेले, बगलेतल्या फडक्याशी थांबले.

"हे काय?"

"बाहेरचं कुत्रं चावलं," मी म्हणालो.

तिनं फडक्याच्या कडेनं बोट फिरवलं. मग म्हणाली, "झूल कुटं हाय?"

मी पेटीतून आणून दिली. तिनं ती ओठांवर धरली आणि हळूहळू फिरवायला लागली. पाठीवरून, गळ्यावरून, मग पायाच्या भोकाशी. तिथं थांबली. पुन्हा फिरवली. पुन्हा थांबली.

"लई शिकलेलं कुत्रं दिसतंय," ती म्हणाली. "चावून झाल्यावर लूमवरची गाठ मारून गेलंय."

मी खाली बसून रडलो. गाठींचं सांगितलं, झूल काढत नव्हतो ते सांगितलं. पट्ट्याचं राहून गेलं. तिनं मला गप्पही केलं नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. कुत्रीच्या कानामागे खाजवत राहिली.

तिच्या मुलीनं मात्र त्याच दिवशी माझ्यासमोर सांगितलं, "अम्मा, याला खोली सोडायला सांग. याला कुत्रं सांभाळता येत नाही, तुला काय सांभाळणार?"

"मग तू राहतीस हितं?" अव्वानं विचारलं.

मुलगी पिशवी भरायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली. मला ठेवून घेतलं ते मायेनं की गरजेनं, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही. विचारायची छाती नाही. जे काही असेल, त्याचे उपकार आहेत.

चौथ्या दिवशी दुपारी कुत्री गेली. डोकं अव्वाच्या मांडीवर होतं. मी समोर वाटीत दूध घेऊन बसलो होतो. अव्वालाच आधी कळलं. ती म्हणाली, "वाटी ठेव खाली." मी कुत्रीला पोत्यात घालून सायकलवरून शहराबाहेर नेलं आणि माळावर खड्डा काढला. जमीन खडकाळ, कुदळ उडत होती. जोडीदार सुट्टी टाकून आला होता. त्या दिवशी तो एकदाही काही चेष्टेचं बोलला नाही. खड्डा बुजवल्यावर त्यानं वर दोन मोठे दगड ठेवले.

झूल पोत्यात घालू दिली नव्हती अव्वानं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ती झूल घेऊन दारात बसली आणि शेवटच्या टाक्यापासून उसवायला लागली. क्रोशाचं विणकाम एका ओढीत सरसर उसवतं. हे चार टाके उसवायचं आणि अडायचं.

"हितं एक," ती म्हणाली आणि गाठ माझ्यासमोर धरली.

मी कात्री घेतली.

"कापू नको. सोड."

मागावरची गाठ सोडण्यासाठी नसतेच. ओढ बसली की ती आणखी आवळते. धुऊन वाळलेल्या सुतात तर दगड होते. मी नखांनी उकरत होतो, सुईचं टोक घालत होतो, दातांत धरत होतो. सुटली की ती पुढचं उसवायची. "हितं एक." मग पुन्हा. गल्लीतली एक बाई येऊन विचारून गेली, नवीन काय विणताय? अव्वा म्हणाली, "काय न्हाय." बगलेशी आलो तेव्हा सुतात अजून तांबूस डाग होते. तिथल्या गाठी तिनं माझ्या हातात न देता बराच वेळ चिमटीत धरून ठेवल्या. दुपार कलली तेव्हा आमच्या दोघांमध्ये नुसते तुकडे पडले होते, जसे मी कारखान्यातून आणले होते तसे.

ती आता विणत नाही. फळीवरचा तिरपा त्रिकोण सुईसकट अजून तिथंच आहे. गल्लीत बाळ झालं की लोक लोकर घेऊन येतात आणि ती म्हणते, "ह्याला द्या." मी नको म्हणत होतो. तिनं ऐकलं नाही.

मागच्या महिन्यात पलीकडच्या घरी नात झाली. मी पिवळ्या लोकरीचं टोपडं विणलं. मध्ये एकदाच धागा जोडायची वेळ आली, आणि तेव्हा मी सुई खाली ठेवली, हात पुसले, टोकं वीतभर मोजून लपवली. मला पक्कं आठवतं. बाळाची आजी न्यायला आली, दारात उभी राहिली. अव्वानं टोपडं घेतलं, ओठांवरून फिरवलं. काठ झाला, कानपट्ट्या झाल्या. टाळूच्या जागी आली आणि थांबली.

"उद्या या," ती त्या बाईला म्हणाली.

बाई गेली. अव्वानं टोपडं माझ्याकडे केलं, बोट टाळूवरच ठेवून. मी तिथं हात लावला. गाठ होती. बारीक, घट्ट, ओढली तरी सुटणार नाही अशी. ती मी कधी मारली हे मला अजून आठवत नाही. मी सुई घेतली आणि उसवायला बसलो.