हवेलीचा चढ आणि माझं स्टँड

कतारमध्ये चढ शोधावा लागतो. पश्चिमेकडच्या वाळवंटात एक जुनी, डागडुजी केलेली हवेली आहे. तिच्या फाटकापासून दारापर्यंतचा रस्ता जरा वर जातो, तेवढ्या भांडवलावर इथल्या मोटारसायकलवाल्यांनी शर्यत भरवली. एकेकट्यानं खालून सुसाट वर जायचं आणि वरच्या माणसानं वेळ मोजायची. पर्वती चढलेल्या बाईनं याला चढ म्हणणं लाजिरवाणंच होतं. पण मी म्हटलं, आणि नावही दिलं.

कारण मला मोटारसायकल हवी होती. पुण्यात मी कॉलेजपासून गिअरची गाडी चालवली. मागे सासूबाई आणि पुढे भाजीच्या पिशव्या घेऊनसुद्धा. दोहाला आल्यापासून मात्र ह्यांच्या शेजारी कारमध्ये बसायचं आणि एसीचा झोत तोंडावर घ्यायचा. "या वयात?" असं हे इतकी वर्षं विचारत आले, जणू वय माझ्या एकटीचंच वाढत होतं. शेवटी वैतागून म्हणाले, "न थांबता वर पोचलीस तर घेऊ."

ह्यांच्या ऑफिसातल्या नाशिककर मित्रानं स्वतःची गाडी मला दिली आणि मग काळजीनं तिच्याकडेच बघत उभा राहिला.

झेंडेवाला "यल्ला!" म्हणाला आणि मी सुटले. काय सुख होतं ते! वारा हेल्मेटमध्ये शिट्ट्या मारत होता, मी दुसऱ्या गिअरमध्ये होते आणि हवेली जवळ येत होती. तेवढ्यात कडेला हे दिसले, दोन्ही हात खालीवर हलवत.

आता, पुण्यात रस्त्याच्या कडेचा माणूस बाईकडे बघून हातवारे करतो, ते कौतुकानं कधीच नाही. एक तर ओढणी चाकात चाललेली असते, नाहीतर स्टँड खाली राहिलेलं असतं. ओढणी नव्हती. म्हणजे स्टँड! डावा पाय आपोआप तिकडे गेला, त्याचा धक्का गिअरला बसला आणि गाडी न्यूट्रल झाली. इंजिन बोंबललं आणि आम्ही दोघी मागे घसरायला लागलो.

मी ब्रेक दाबून उभी राहिले. स्टँड वरच होतं.

"अगं, मी तुला चीअर करत होतो!" हे ओरडले.

"हे आजच सुचलं?" मी ओरडले. राग इतका आला की डोळ्यांत पाणी आलं. एक स्वयंसेवक ढकलायला धावत आला. "खलास, मॅडम?" त्यानं विचारलं.

"नो खलास," मी म्हटलं, गिअर टाकला आणि वर गेले. सगळ्यांत जास्त वेळ मलाच लागला. तो सांगताना वेळ मोजणाऱ्याचा चेहरा डॉक्टरसारखा गंभीर झाला होता.

हे धापा टाकत चालत वर आले. "मधे थांबलीस," म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. खाली पार्किंगपर्यंत पुन्हा चालत जायचं होतं, आणि ऊन वाढलं होतं.

"अहो, बसा मागे," मी म्हटलं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे माझ्या मागे कधी बसले नव्हते. इकडेतिकडे बघून बसले, आधी सीट धरली, मग माझे खांदे. मी मुद्दाम सावकाश उतरले. फाटक येईपर्यंत ह्यांनी खांदे सोडले नाहीत. मग कानाशी येऊन म्हणाले, "रंग कोणता घ्यायचा?"