वन्संनी पसंत केलेल्या मुली

आमच्या वन्संनी जितक्या मुली बघितल्या, तितक्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या सगळ्या वरमायांनी मिळूनही बघितल्या नसतील. आणि एकीचंही लग्न न जमवता तितके पोहे तर कोणीच खाल्ले नसतील. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, नोकरीभर नर्सिंगच्या मुलींना शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर आतल्या गावांतून शिकण्याजोग्या मुली शोधायला मोकळ्या झाल्या. त्यांचं म्हणणं असं, की डोंगरातल्या गावात उपकेंद्राची इमारत उभी राहते, रंग लागतो, बाहेरून नर्स येते, एक पावसाळा कसाबसा काढते आणि बदली करून घेते. मग दाराला कुलूप. "त्या वाडीची नर्स त्या वाडीतच जन्मलेली असते, वहिनी. तिला उचलायची, शिकवायची, परत तिथे ठेवायची," हे त्या अशा सांगतात, जशी काही फळीवरची लोणच्याची बरणीच काढून पुन्हा ठेवायची आहे.

उचलण्याची त्यांची रीत मात्र जगावेगळी. मार्कांवर त्यांचा विश्वास नाही, त्यांचा विश्वास एसटीवर. वळणावळणाच्या रस्त्याला कोणाला तरी गाडी लागतेच, आणि वन्सं त्याचीच वाट बघत बसलेल्या असतात. बाकीची गाडी नाकाला पदर लावते. अशा वेळी एखादी मुलगी उठून अनोळखी म्हातारीचं कपाळ धरते, आणि वन्सं आपलं तिकीट कुठलं आहे हे विसरून तिच्या थांब्यावर उतरतात, तिच्या मागोमाग थेट घरी. नीटनेटकी प्रौढ बाई दारात येऊन मुलीचं वय आणि शिक्षण विचारते, तर घरच्यांनी काय समजायचं? मुलीला काकूची साडी नेसवतात, आत पोहे फोडणीला पडतात. वन्सं पोहे चवीने खातात, वर लिंबू मागतात आणि मग विचारतात, "रात्री झोपेतून उठवलं तर चिडतेस का गं?" असं उघड विचारणारी सासरची माणसं कोणी पाहिलेली नसतात. एका घरी तर वन्संनी खरं काय ते सांगेपर्यंत मुलीच्या काकांनी हॉलचं भाडं विचारायला फोन लावला होता.

या मुली म्हणजे माझी जन्माची पोटदुखी. पास झाल्या की पेढे घेऊन येतात, मॅडमच्या पाया पडतात, मॅडमसाठी फणस आणतात, आणि चहा टाकते मी. सरकारी दवाखान्यात प्रेशर बघायला जावं, तर पट्टा बांधता बांधता पोरगी विचारते, "तुम्ही मॅडमच्या वहिनी ना?" घरून चांगलं निघालेलं माझं प्रेशर तिथल्या तिथे चढतं. साऱ्या जिल्ह्यात यांना गुण दिसले, आणि एका घरात उभा जन्म काढून माझ्यात काही दिसलं नाही? नव्या नवरीपणी तर मी काय काय केलं. त्यांच्या ड्यूटीवरून येण्याच्या वेळेला मुद्दाम पांढरं पातळ नेसून ओटीवर उभी राहिले, तर सासूबाईंनी दंडाला धरून आत नेलं. एकदा डोक्याला रुमाल बांधून दुधीभोपळ्याला इंजेक्शन देत बसले होते. वन्सं आल्या, दुधीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "भाजी आज लवकर कर, मला जायचंय." मी मूर्ख तेव्हा एवढ्यावर समाधान मानायची, की निदान रूपावर तरी आपण पास झालो. कारण मला बघायला वन्सं आणि सासूबाई आल्या, तेव्हा नवं पातळ वाटेतच खराब झाल्यामुळे मी आईचं विटकं लुगडं नेसून पोहे आणले होते. तरी होकार आला, म्हणजे माझं नाकच तसं असणार.

गेल्या वर्षी वन्संचा गुडघा बिघडला, आणि त्याच सुमाराला हातखंब्याच्या पुढच्या एका वाडीतल्या मुलीचं घोडं अडलं. मुलगी तयार, आईबाप तयार, आजी हटून बसलेली. "आजीला आजीच लागते. तू चल," वन्सं म्हणाल्या. मी ठेवणीतली साडी काढली. या वयात.

वाडीतली आजी खांबाला टेकून बसली होती. "आमी नाय पाठवनार. शिकली की म्हमयला पलंल, मंग माजं कोन करील?" मी नर्सिंगचं गुणगान सुरू केलं, असं की मलाच गहिवरून आलं. आजीने ते शांतपणे ऐकून घेतलं. "येवडं चांगलं हाय, तर तुमी का नाय झालात नर्स?"

"मला कोणी विचारलंच नाही," मी म्हटलं. इतकं खरं बोलायचं ठरवलं नव्हतं.

वन्संनी बशी खाली ठेवली. "विचारलं होतं," त्या म्हणाल्या, माझ्याकडे नाही, त्या आजीकडे बघून. "मी नोकरीला नवीन होते. गाडीत माझ्या आईला उलट्या होत होत्या, आणि एका मुलीने नवंकोरं पातळ खराब करून तिचं डोकं धरलं. ती ही. आम्ही हिच्या मागून घरी गेलो. ही आत लुगडं बदलत होती, तेवढ्यात मी हिच्या आजीकडे ट्रेनिंगचं काढलं. आजी म्हणाली, नर्स करायची नाही, भाऊ असला तर बोला." वन्संनी बशी पुन्हा उचलली. "भाऊ होता. मुलगी सोडवेना."

वाडीतली आजी तोंडाला पदर लावून हसली, आणि मग बराच वेळ दारातल्या नातीकडे बघत राहिली. "हिला भावाबिवाला नाय द्यायची हां," ती म्हणाली. "शिकवा. पन परत आनून सोडा."

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून विचारलं, "मी बरी झाले असते का हो?"

"दुधीत सुई तिरकी घातली होतीस," वन्सं म्हणाल्या. "सरळ घालायची."

म्हणजे बघितलं होतं. पुढच्या वळणांवर वन्संना जरा गरगरल्यासारखं झालं, हल्ली होतं त्यांना. त्यांनी डोळे मिटले. मी त्यांचं कपाळ धरलं. वळणं संपली तरी मी हात काढला नाही, आणि त्यांनीही काढ म्हटलं नाही.