माजी गाय
सरकी पेंडीचा वास आला की मला आष्टीकडचं ते गाव आठवतं. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायचो, आणि घरी एक म्हैस असल्यामुळे दूध संस्थेचा सभासदही होतो. संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी ‘दुद’ लिहिलं की मी लगेच दुरुस्त करायचो आणि मग सगळे मिळून माझी टर उडवायचे. एकदा शेजारच्या मावशींनी आपल्या तांबड्या गाईचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘ही माजी गाय.’ मी लिहिलं, ‘मावशी, माजी म्हणजे पूर्वीची. आपली असेल तर माझी.’ त्यांचं उत्तर आलं, ‘गाईला कळतंय सर, तुमालाच कळंना.’ ग्रुप दिवसभर हसत होता. त्या साली पाऊस झालाच नाही. बोअर आटले, कडबा मिळेना, संस्थेच्या ओट्यावर दुधाचे कॅन पालथे पडून राहिले. एका बाजारच्या दिवशी संध्याकाळी मावशींनी तोच फोटो पुन्हा टाकला. ‘माजी गाय. आता बरोबर हाय ना, सर?’ मी तसाच उठून त्यांच्या घरी गेलो. मला बघून त्या म्हणाल्या, ‘घेनाऱ्यानं तिचं नाव इचारलं. म्या सांगितलं न्हाई. म्हनलं, तेवडं ऱ्हाऊ द्या माज्यापाशी.’ ते नाव मला ठाऊक होतं. रोज पहाटे त्यांची हाक आमच्या अंगणात ऐकू यायची. इतकी वर्षं झाली, मी ते कुणाला सांगितलेलं नाही, आणि इथंही लिहीत नाही.