कावळा शिवला, तो चाळीस सेकंद आधी

वर्षभर मी सख्ख्या बहिणीशी खोटं बोललोय.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं. आता पोटात ठेववत नाही, म्हणून इथे लिहितोय.

बाबांचा दहावा होता, आळंदीला, घाटावर. ताई जर्मनीत, तिचा पासपोर्ट व्हिसाच्या ऑफिसात अडकलेला.
तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून आई-बाबा तिच्याशी बोलत नव्हते. तीन वर्षं.

"पव्या, मला फक्त कावळा शिवताना दाखव," ती म्हणाली. "नाही शिवला तर बाबा माझ्यावरच्या रागात अडकले, असं होईल रे."

झालं! माझी झोपच उडाली.

माझा लॅपटॉप सेकंडहँड, रॅम चार जीबी. आदल्या दिवशी घाटावर जाऊन बघितलं, तर व्हिडिओ कॉल मिनिटाला तुटतोय. लाइव्ह लावलं, तर लॅपटॉपचा पंखा बोंबलायला लागला आणि चित्र गोठलं.

चाकणच्या कंपनीत माझ्याच शिफ्टला असलेल्या सचिनला फोन केला.
"भावा, एचडीचा हट्ट सोड. ४८० ठेव, बाकी सगळं बंद कर, नेटसाठी मोबाइल केबलनं जोड. आणि बफर वाढव. तिला चाळीस सेकंद उशिरा दिसेल, पण तुटणार नाही."
"चाळीस सेकंदांनी काय होतंय राव!"
असं मी म्हणालो. मीच.

वेबकॅमचा माइक मेलेला. म्हणजे तिला नुसतं चित्र जाणार, आवाज नाही.

दहाव्याला पिंड ठेवला. कावळे भिंतीवर बसलेले, एक हलेल तर शपथ.

मामा म्हणाले, "दाजी, पव्याचं लग्न आम्ही लावून देतो, काळजी करू नका."
नाही.
मी म्हणालो, "बाबा, आईला सांभाळीन."
नाही.

अर्धा तास गेला. बॅटरी एकोणीस टक्के. घाटावर प्लग कुठला आलाय! एक डोळा पिंडाकडे, एक बॅटरीकडे.

गुरुजी म्हणाले, "पाच मिनिटं बघू, नाहीतर दर्भाचा कावळा करू."
बॅटरी अकरा.

तेवढ्यात कॅमेऱ्यामागे बसलेली आई उठली. हात जोडले.
"अहो, पोरीवरचा राग सोडा आता. मी सोडला."

एक कावळा खाली उतरला आणि शिवला.

लगेच मामांचा फोन वाजला. ताई! तिच्या स्क्रीनवर कावळा अजून भिंतीवरच होता.
"मामा, स्पीकरवर टाका... बाबा, माफ करा हो मला. शिवा ना..."
ती हमसून हमसून रडत होती. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर ती ओरडली,
"शिवला! पव्या, बाबांनी माझं ऐकलं!"

"हो ताई," मी म्हणालो.

तेव्हा वाटलं, बरंच झालं. कुणीच तिला खरं सांगितलं नाही.

पण ताई, त्यानंतर तू वर्षभर म्हणतेस, "बाबांनी माफ केलं, आई काही करायची नाही." म्हणून फोन करत नाहीस.
आणि आई म्हणते, "इतकी वर्षं बोलले नाही, आता कुठल्या तोंडानं फोन करू?"
मध्ये मी, मूग गिळून.

ताई, कावळा आईच्या बोलण्यावर शिवला गं.
चुकलो मी. मला काय शिव्या घालायच्यात त्या नंतर घाल.
आई घरीच आहे. आधी तिला फोन लाव.

बाबा, नमस्कार करतो. तुमच्या लेकीला आज खरं सांगितलं.