पंडुमच्या आधीच्या ऑर्डरी

छोट्या धंदेवाल्यांना मोबाईलवर धंदा कसा वाढवायचा हे शिकवत मी काही वर्षं चंद्रपूर-गडचिरोलीत फिरते आहे. मुळात मी शिवणकाम करणारी. बल्लारपूरला माझं ब्लाउज शिवायचं दुकान. लॉकडाऊनमध्ये ते बुडायला आलं, तेव्हा फोनवर फोटो टाकून टाकून मी ते वाचवलं. लोक विचारायला लागले, मी सांगायला लागले, आणि शिवण्यापेक्षा सांगण्यातच मला जास्त मजा येते हे लक्षात आलं. मग एका संस्थेने बचत गटांना शिकवायला बोलावलं आणि मी एकदम मॅडम झाले.

माझे विद्यार्थी एकेक नग असतात. आमच्याकडच्या एका सलूनवाल्या भाऊंनी नकाशावर दुकान टाकलं, ते सासुरवाडीच्या ओसरीवर बसून. पंधरा दिवस वाढलेल्या दाढीची गिऱ्हाइकं त्यांच्या सासऱ्यांच्या दारात जाऊन उभी. सासरे त्यांना चहा पाजून परत पाठवत होते, हे भाऊ मला कौतुकानं सांगत होते. जिवतीच्या एक बाई तुरीची डाळ विकायच्या. रोज सकाळी सगळ्यांना गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ पाठवायच्या, डाळीबद्दल मात्र एक अक्षर नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "रोज रोज डाळ घ्या म्हणाले बरं नाई वाटत मॅडम." अशा लोकांवर चिडायचं कसं? पण मी चिडते. मी घाईची बाई आहे. बस लागायच्या आधीच हिला बसायला जागा हवी असते, असं आमच्या घरी बोललं जातं.

त्यामुळे वर्गात एक सल्ला मी सगळ्यात जोरात द्यायचे. वाट पाहू नका. हंगामाच्या आधी जाहिरात करा, माल कधी मिळेल ते सांगून टाका. गिऱ्हाईक कोणासाठी थांबत नसतं. हे मी इतक्या ठासून सांगायचे की मागच्या रांगेत पेंगणारे लोकही दचकून वहीत लिहून घ्यायचे.

एटापल्ली तालुक्यातल्या एका माडिया गावातल्या बचत गटाच्या बाईंनीही ते लिहून घेतलं होतं. पस्तिशीच्या असतील. बोलणं कमी, आणि ऐकताना मान हलवत राहायची सवय. गटातल्या बायका जंगलातल्या कैऱ्यांचं लोणचं घालायच्या आणि ते खरोखर फार चांगलं व्हायचं. पण दरवर्षी बहुतेक कैऱ्या एक व्यापारी गाडी घेऊन येऊन पोत्यांनी उचलून न्यायचा. माझा वर्ग झाल्यावर बाईंनी गटाला पटवलं की या वर्षी त्याला येऊ नको म्हणून सांगू, सगळ्या कैऱ्यांचं लोणचं घालू आणि फोनवर विकू. काही बायका तयार नव्हत्या. फोनवर लोणचं कोण घेतं, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी त्यांची समजूत घातली आणि व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. आता लोणचं खपलं नाही तर कैऱ्या झाडावरच वाया जाणार होत्या, आणि बाईंचं पुन्हा गावात कोणी ऐकणार नव्हतं.

जाहिरात मी स्वतः लिहिली. बरणीचे फोटो मी काढले. "जंगलातल्या झाडांची वर्षातली पहिली कैरी, आज सांगा, दहा दिवसांत पाठवू," असं लिहून बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. गावात नेटवर्क फक्त बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या पाळीवर यायचं. बाई रोज तिथे जाऊन बसायच्या. चंद्रपूर, नागपूर, वर्धा, ऑर्डरीवर ऑर्डरी आल्या. मी घरी बसून फुगले होते.

आठव्या दिवशी बरण्यांची लेबलं घेऊन मी गावात पोचले तर बरण्या रिकाम्या, आणि कैऱ्या झाडावर. खालीसुद्धा वाऱ्यानं पडलेल्या कैऱ्यांचा सडा होता. पोरं त्या चुकवून खेळत होती, एकही पोर उचलत नव्हतं. एवढं पाहूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी बाईंना विचारलं, "अजून तोडल्या काऊन नाई?"

"पंडुम नाई झाला ना मॅडम अजून," बाई म्हणाल्या.

पंडुम म्हणजे माडियांचा सण, आणि मर्का म्हणजे आंबा. मर्का पंडुम झाल्याशिवाय, म्हणजे नवा आंबा आधी देवाला दाखवून मग सगळ्या गावानं सोबत खाल्ल्याशिवाय, त्या गावात कोणी कैरीला हात लावत नाही. तोडत नाही, पडलेली उचलत नाही. मी आयुष्यभर या मुलखात राहिले आणि हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मी दहा दिवस लिवलं तवा तुमी मले काऊन नाई सांगितलं?"

"मले वाटलं, दहा दिवसांत होऊन जाईन. दरसाल या टायमाले होऊन जाते." त्या ओशाळल्या होत्या. "दोन घरचे लोक मिरची तोडाले गेले तेलंगणात. ते अजून आले नाई."

मी नेहमीप्रमाणे उपाय सांगत सुटले. तुमच्या आवारात तुमचं स्वतःचं झाड आहे, त्याच्या तोडा. नाही? मग बाजारातून आणा, गिऱ्हाइकाला काय कळणार आहे. आज लिहिताना लाज वाटते, पण मी हे बोलले. बाई म्हणाल्या, "जंगलची कैरी म्हणून लिवलं ना आपण. मंग बाजारची कशी टाकू? अन माया झाडाची तोडली, तर त्या दोन घरच्यायच्या आधी मी खाल्ल्यासारखं होते." आवाज चढला नाही. निर्णय मात्र झालेला होता.

मी तरातरा गायत्यांकडे गेले. गायता म्हणजे गावची पूजा करणारे. त्या गावचे गायता म्हातारे, बारीक, अंगणात दोरी वळत बसलेले. मी म्हटलं, "भाऊ, दोन घरांसाठी अख्ख्या गावाचं लोणचं अडून राह्यलं." त्यांनी मला बसायला खाट दिली आणि पाणी दिलं. मग म्हणाले, "दोन घरं सोडून मी गाव कुठून आणू बाई?" आणि पुन्हा दोरी वळायला लागले.

मग बाई आणि मी बोडीच्या पाळीवर आलो. मी रागात होते, आणि घाबरलेही होते, कारण फजिती माझी होणार नव्हती, बाईंची होणार होती. कोयीवर जाळी धरलेली कैरी आणखी पंधरा दिवस तग धरेल, मग नरम पडेल आणि लोणच्याच्या कामाची राहणार नाही. मी म्हटलं, काहीतरी कारण लिहू, पावसाचं, गाडीचं. बाई म्हणाल्या, "खरं काऊन नाई सांगायचं?" मी म्हटलं, गिऱ्हाइकाला तुमच्या गावच्या भानगडी नको असतात. त्यांनी पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर मान हलवली नाही. माझ्यासमोर फोन तोंडाशी धरला आणि बोलल्या,

"मी लोणच्याच्या गटाची बाई बोलून राह्यली. आमच्या गावात पंडुम झाल्याशिवाय आंबा तोडत नाई. अन सगळे घरी आल्याशिवाय पंडुम होत नाई. दोन घरचे लोक मिरची तोडाले गेले. ते आले का पंडुम करू, मंग कैरी तोडू, मंग लोणचं. किती दिवस लागन, मले सांगता नाई येत. ज्याले थांबणं होत नाई त्यानं सांगून द्या, आमाले राग नाई येणार."

ज्यांनी ज्यांनी लोणचं सांगितलं होतं त्या सगळ्यांना तो आवाज गेला. माझ्या हिशेबानं निम्म्या ऑर्डरी तरी रद्द होणार होत्या. काही झाल्याच. एकानं तर दहा दिवसांचं वाक्य माझ्याच शब्दांत परत पाठवलं, आणि ते त्याचं बरोबर होतं. पण बाकीचे थांबले. नुसते थांबले नाहीत, विचारायला लागले. आले का हो तुमचे लोक? नागपूरच्या एका काकूंनी लिहिलं की माझा मुलगाही लांब आहे, रजा मिळत नाही, तुमचे आले की मला नक्की कळवा. लोणच्याचं त्यात नावही नव्हतं. बाई मला फोन करून हे सांगायच्या आणि हसायच्या. मी माझ्या दुकानाच्या आयुष्यात इतके फोटो टाकले, पण माझ्या घरचं कोण आलं आणि कोण गेलं हे एकाही गिऱ्हाइकानं कधी विचारलं नव्हतं. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

त्या निरोपानंतर बाराव्या दिवशी ती दोन घरं परत आली. कैऱ्या अजून कडक होत्या. लोणचं पुढे सगळ्यांना पोचलं, बाईंचा शब्द राहिला, आणि आधी तयार नसलेल्या बायकाच पुढच्या वर्षी सगळ्यात पुढे होत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण मला सांगायचंय ते पंडुमच्या दिवसाचं.

बाईंनी बोलावलं होतं, सकाळी या म्हणून. मी येते म्हटलं आणि पहिली बस धरली. ती आलापल्लीच्या पुढे जंगलात पंक्चर झाली. स्टेपनीही गेलेली. फोनला रेंज नाही. दुसरी गाडी मिळून मी गावात पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. संपलं असणार, निदान लोणच्याचं बघू, असा विचार करत मी झाडाखाली आले.

अख्खं गाव तिथे बसलेलं होतं. देवापुढची पूजा झालेली होती. टोपलीतल्या कैऱ्या मात्र तशाच, एकही चिरलेली नव्हती. लहान पोरं आयांच्या मांडीवर कंटाळून झोपली होती. मी बाईंना हळूच विचारलं, "आता कोणाची वाट पाहून राह्यले?"

"तुमची," त्या म्हणाल्या. "येतो म्हणल्या होत्या ना तुमी."

बाईंनी सरकून त्यांच्याजवळ जागा केली, मी बसले आणि पदराने डोळे पुसले. गायत्यांनी विळा हातात घेतला, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "आता कोणी राह्यलं का?"

"नाई," बाई म्हणाल्या, "आले सगळे."