न वाजणारी कांडी

प्रयोगशाळेत दोन कांड्या दोऱ्यांवर आडव्या टांगल्यात. पोलादी कांडीला टिचकी मारली की ती कितीतरी वेळ गुणगुणते. लोखंड-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची मात्र लगेच गप्प होते. धक्का तिलाही बसतो. पण धातूतले सूक्ष्म चुंबकीय कप्पे सरकून तो जिरवतात.

बायको गेली, त्यानंतर चौदाव्या दिवशी मी कामावर आलो. “धीराचे आहात,” सगळे म्हणाले.

आज मदतनीस सावंतबाईंनी ती मुकी कांडी तारेच्या वेटोळ्यात टांगून वीज सोडली. जोरदार चुंबकत्वाने आतले कप्पे जखडले गेले. टिचकी मारताच कांडी खणखणली, थांबेचना.

“ऐकलंत सर? हिलाही आवाज आहे!”

“बंद करा ते,” म्हणतानाच मला हुंदका फुटला.

बाईंनी बटण बंद केलं. कांडी गप्प झाली. मला मात्र लगेच जमलं नाही.